चेहऱ्याची लाली आणि मेडिकलची ट्यूब

शनिवारी आमच्या शनिशिंगणापुरात दर्शनाची गर्दी असते. त्या दिवशी गावातला माणूस शक्यतो दवाखान्याची पायरी चढत नाही. म्हणूनच मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी भर दुपारी एक गृहस्थ आत आले, तेव्हा मला थोडे नवल वाटले. वय पंचावन्नच्या आसपास. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. दोन-अडीच एकर कांदा आणि थोडा ऊस करणारे, पंढरीची वारी न चुकवणारे. आमच्या गावच्या रीतीप्रमाणे माझ्या दवाखान्यालाही दार नाही, पडदा आहे. तो त्यांनी नीट ओढून घेतला, खुर्ची पुढे सरकवली आणि हळू आवाजात विचारले, "डॉक्टरसाहेब, माझ्या तोंडाला कधी वास आला का तुम्हाला?"

"कसला वास, माउली?"

"दारूचा."

मग त्यांनी सगळे सांगितले. तीन वर्षांपासून नाक आणि गाल लाल पडत होते. आधी उन्हातून घरी आल्यावर तेवढेच व्हायचे, पुढे लाली बसूनच राहिली. नाकावर बारीक पुटकुळ्या आल्या, शेंडा जाडसर दिसू लागला. गावात कुजबुज सुरू झाली. माळकरी म्हणवतो आणि चोरून घेतो, असे कोणीतरी पारावर बोलले. मुलीला स्थळ आले होते. पाहुण्यांनी तिसऱ्याच माणसाकडे चौकशी केली, "मुलीचे वडील घेतात का हो?" बोलणी तिथेच थांबली. या गृहस्थांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. त्यांचे मागणे एकच होते : "मी पीत नाही असा दाखला लिहून द्या. तुमच्या शिक्क्याचा."

मी म्हटले, दाखल्याचे नंतर बघू, आधी सांगा तोंडाला काय लावता. त्यांनी बंडीच्या खिशातून चुरगळलेली, अर्धी संपलेली ट्यूब काढली. मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठीशिवाय. आठ महिने चालू होती. "रात्री लावली की सकाळी तोंड फिके पडते. दोन दिवस चुकली तर भाजल्यासारखे होते."

वाचकहो, या एका माणसाच्या चेहऱ्यावर दोन चुका दिसत होत्या. एक लोकांनी केलेली, दुसरी त्यांनी स्वतः केलेली. पहिलीने त्यांची अब्रू गेली, दुसरीने कातडी. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन, आज या दोन्ही चुकांबद्दल लिहितो आहे.

हा आजार कोणता?

या आजाराचे नाव रोसेशिया. मूळ लॅटिन शब्दाचे नाते गुलाबाशी आहे, पण रोग्याच्या वाट्याला काटेच येतात. साधारण तिशीनंतर हा आजार सुरू होतो. तो चेहऱ्याच्या मधल्या भागात दिसतो : दोन्ही गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी. सुरुवातीला चेहरा मधूनच एकदम तापतो, लाल होतो आणि थोड्या वेळाने निवतो. पुढे ही लाली जाता जात नाही. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसू लागतात. पुटकुळ्या येतात, काहींत पू असतो. त्या तारुण्यपीटिकांसारख्या दिसतात, पण तारुण्यपीटिकांबरोबर असतात ते ब्लॅकहेड या आजारात नसतात. स्त्रियांमध्ये हा आजार अधिक दिसतो. नाक जाड आणि गाठाळ होण्याचा प्रकार मात्र पुरुषांत जास्त.

बऱ्याच रोग्यांचे डोळेही यात सापडतात. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखी टोचते, पापण्यांच्या कडा लाल होतात, पुन्हा पुन्हा रांजणवाडी येते. याकडे दुर्लक्ष केले तर बुबुळाला इजा होऊन नजर अधू होऊ शकते. म्हणून चेहरा लाल आणि डोळेही लाल असे दोन्ही असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवावे.

हा गोऱ्या लोकांचा रोग, असे आमच्या पिढीच्या डॉक्टरांच्या मनावर बसले होते. पुस्तकातली चित्रे युरोपियन चेहऱ्यांची असायची. सावळ्या चेहऱ्यावर ही लाली लाल दिसत नाही. ती विटकरी, तांबूस-काळसर दिसते. मग रोगी म्हणतो उन्हाने रापलो, आणि डॉक्टरही मान डोलावतो. सावळ्या माणसाचे निदान करताना डॉक्टरने डोळ्यांइतकाच कानांवर भरवसा ठेवावा. "तोंड भगभगते, आग होते, साधी पावडर लावली तरी झोंबते," असे रोगी सांगत असेल तर या आजाराची शंका घ्यायलाच हवी.

रोसेशियाला एकच एक कारण नाही. काही घराण्यांत तो अधिक दिसतो. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या आणि नसा थोड्याशा कारणाने भडकतात, कातडीची संरक्षण यंत्रणा गरजेपेक्षा जास्त चवताळते. डेमोडेक्स नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे जवळजवळ सगळ्यांच्याच कातडीत राहतात. या रोग्यांत ते बऱ्याचदा संख्येने जास्त सापडतात. पण हा आजार संसर्गजन्य नाही. एका टॉवेलाने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही, आणि साडेसातीशी तर नाहीच नाही. शनिमहाराजांच्या गावात राहून हे सांगतो, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. श्रद्धा असेल त्याने दर्शनाला जरूर यावे, तेल वाहावे, आणि परत जाताना डॉक्टरलाही दाखवावे.

दारूचा आरोप

दारू प्यायल्याने काही रोग्यांची लाली भडकते, हे खरे आहे. पण लाली भडकवणारी दारू ही एकटीच नाही. ऊन, चुलीची धग, वाफाळता चहा, तिखटजाळ रस्सा, बोचरा वारा, अंगमेहनत, राग आणि काळजी यांनीही तेच होते. ज्याने दारू कधी चाखली नाही त्याला हा आजार होतो, आणि वर्षानुवर्षे पिणाऱ्या अनेकांना तो होत नाही. तेव्हा नाकावरून व्यसन ओळखणे म्हणजे टोपीवरून जात ओळखण्यासारखेच आहे. बरोबर निघाले तर योगायोग, चुकले तर अन्याय.

ही चूक आपल्याकडचीच नाही. पाश्चात्त्य देशांतही अशा जाड, लाल नाकाला दारुड्याचे नाक म्हणत आले आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इटालियन चित्रकार घिरलांदायो याचे १४९० च्या सुमाराचे एक चित्र आहे. एक म्हातारा आणि त्याच्या कुशीत नातू. म्हाताऱ्याचे नाक गाठींनी भरलेले आहे. आज ते चित्र पाहून डॉक्टर निदान सांगतात. पण त्या चित्रातला नातू नाकाकडे बघत नाही, आजोबांच्या डोळ्यांत बघतो आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनाही हाच आजार आहे. राष्ट्राध्यक्षाची लाली लोक विसरून जातात. आमच्या माळकऱ्याची लाली मात्र सोयरीक मोडते.

प्रत्येक लाली रोसेशिया नव्हे

हा लेख वाचून कोणी घरच्या घरी निदान करू नये. चेहरा लाल होण्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यातली काही गंभीर आहेत.

गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखी लाली आणि सोबत सांधेदुखी, बारीक ताप, तोंडात फोड, केस गळणे असे काही असेल तर तो ल्युपस हा आजार असू शकतो. त्यात मूत्रपिंडावरही परिणाम होतो, म्हणून रक्त आणि लघवी तपासावीच लागते.

शेतकऱ्यांच्या बाबतीत मी आधी बांधावरच्या गाजर गवताची चौकशी करतो. हे परदेशी गवत पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आले आणि नंतर देशभर पसरले. त्याचे कण हवेतून कातडीवर बसतात. ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याचा चेहरा, पापण्या, मान आणि कोपरांचे खळगे लाल होऊन खाजतात. रोसेशियात आग जास्त आणि खाज कमी असते, येथे खाजच जास्त असते.

चेहरा तुकतुकीत तांबूस, कानांच्या पाळ्या जाड, भुवया विरळ आणि कुठे बधिरपणा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. गालावर कडा उठलेला गोल चट्टा असेल तर ते गजकर्ण असू शकते. आणि बायकांच्या गालांवरचे तपकिरी डाग म्हणजे वांग. त्यात आग होत नाही.

पाच-सहा वेगवेगळे आजार आहेत, त्यांचे पाच-सहा वेगवेगळे उपचार आहेत. आपल्या लोकांकडे मात्र सगळ्यांवर एकच उपाय आहे. तो म्हणजे मेडिकलची ट्यूब.

आगीत तेल

या ट्यूबमध्ये असते काय? बहुतेक वेळा स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन अशी त्यांची नावे. स्टेरॉइडचे मलम हा शत्रू नव्हे. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर यशस्वीपणे वापरले गेले आणि त्वचारोगांच्या उपचाराची दिशाच बदलली. इसब, सोरायसिस यांत योग्य ठिकाणी, योग्य ताकदीचे, मोजके दिवस लावले तर आजही त्याच्यासारखे औषध नाही. अडचण सुरू होते ती चेहऱ्यावर, आणि तीही चिठ्ठीशिवाय.

स्टेरॉइडने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ती जागा फिकी पडते. हा परिणाम इतका नेमका आहे की, १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन या संशोधकांनी औषधाची ताकद मोजण्यासाठी त्याचीच कसोटी बनवली. जितकी जागा फिकी, तितके औषध जोरदार. म्हणजे ट्यूब लावून चेहरा उजळतो तेव्हा माणूस गोरा झालेला नसतो, लाली बरी झालेली नसते. रक्त तेवढे मागे हटलेले असते. औषधाचा जोर ओसरला की ते दुप्पट जोराने परत येते. मग पुन्हा ट्यूब. हळूहळू कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या कायमच्या फुगतात, पुटकुळ्या येतात, बायकांच्या गालांवर लव वाढते, आणि ऊन तर सोडाच, पंख्याचा वाराही सोसत नाही.

हे नवीन ज्ञान नाही. जोरदार स्टेरॉइडने रोसेशिया चिघळतो, हे इंग्लंडमधील त्वचारोगतज्ज्ञ इयान स्नेडन यांनी १९६९ सालीच लिहून ठेवले. १९७४ मध्ये 'स्टेरॉइड रोसेशिया' हे नाव वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. म्हणजे मी एम.बी.बी.एस. होण्याच्या कितीतरी आधी.

तरीही ही चूक मी स्वतः केली आहे. १९९८ च्या सुमाराची गोष्ट. एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. गाल लाल, बारीक पुटकुळ्या. मी ॲलर्जी समजून बीटामेथासोनची ट्यूब लिहिली, आठ दिवस लावा म्हटले. आठव्या दिवशी त्या हसत आल्या. मीही खूश झालो. पुढे सहा महिने त्या आल्या नाहीत, कारण त्यांना माझी गरजच उरली नव्हती. तीच जुनी चिठ्ठी दाखवून त्या ट्यूब आणत होत्या, नंतर चिठ्ठीही कोणी मागेना. परत आल्या तेव्हा पदराने चेहरा झाकून आल्या. शाळेत मुले मागून हसत होती. मी औषध चुकीचे लिहिले होते, आणि आठ दिवसांनंतर काय, हे सांगितलेही नव्हते. त्यांचा चेहरा निवळायला वर्ष गेले. त्यांनी मला दोष दिला नाही, म्हणून ती चूक मी जास्त विसरू शकत नाही.

औषधाच्या कपाटाला दार हवे

आता कोणी म्हणेल, एखाद-दुसऱ्या रोग्यावरून डॉक्टर एवढे का पेटले आहेत. तर ऐका. आपल्या देशातल्या बारा ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून एक पाहणी केली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रोग्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. म्हणजे दर सातांत एक. आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना ते कोणा डॉक्टरने सांगितलेले नव्हते. मैत्रीण, शेजारीण, ब्युटी पार्लर, मेडिकलवाला, अशा कोणाच्या तरी सल्ल्याने हे चालते.

त्यात 'गोरे होण्याची' हाव. वांगावर एक तिहेरी मलम मिळते. अमेरिकेतील डॉ. क्लिग्मन यांनी १९७५ साली सुचवलेल्या मिश्रणावर ते बेतलेले आहे. डाग फिके करणारी दोन औषधे आणि सोबत एक स्टेरॉइड. ते काही आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचे औषध आहे. आमच्याकडे मुली ते वर्षानुवर्षे लावतात, रोजची क्रीम समजून. वीस-बावीस वर्षांच्या, मुळात ज्यांना काही आजारच नव्हता अशा मुली मी लाल, भाजक्या चेहऱ्याने आलेल्या पाहिल्या आहेत. विचारले की आई सांगते, "स्थळं बघायला सुरुवात केलीय ना, म्हणून लावायला दिली." वर्तमानपत्रांत 'गोरी वधू पाहिजे' अशा जाहिराती छापून येतात. आम्ही त्या वाचतो, छापतो आणि वर मुलींनाच दोष देतो.

कायदा नाही असेही नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांना आधी असलेली सवलत काढून घेतली आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले. कागदावर हे चांगले झाले. पण तुम्ही आज संध्याकाळी कोणत्याही बाजारपेठेत जाऊन अनुभव घ्या. चिठ्ठी मागितली गेली तर मला आनंद होईल.

आमच्या गावात घरांना दारे नाहीत, याचा आम्हाला अभिमान आहे. देशभरातून लोक ते बघायला येतात. पण माझे स्पष्ट मत आहे की, औषधाच्या कपाटाला दार हवे, आणि त्या दाराची किल्ली चिठ्ठी हीच हवी. घर उघडे राहिले तर फार तर वस्तू जाईल. हे कपाट उघडे राहिले तर माणसाचा चेहरा जातो.

याची जबाबदारी तिघांची आहे. पहिली आम्हा डॉक्टरांची. चेहऱ्याला स्टेरॉइड लिहिण्याआधी दहादा विचार करावा. लिहिलेच तर किती दिवस आणि त्यानंतर काय, हे मराठीत समजावून सांगावे. निदान कळत नसेल तर तसे कबूल करून त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे, त्यात कमीपणा नाही. दुसरी मेडिकलवाल्यांची. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती मला कळते, पण एका बाजारातल्या सगळ्यांनी मिळून ठरवले तर गिऱ्हाईक जाईल कुठे? आणि तिसरी तुमची. तुम्ही "एक चांगली ट्यूब द्या" म्हणून हात पुढे करता, तेव्हा समोरच्याने दिलेल्या ट्यूबवरचे नाव तरी वाचता का? नाव इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचून घ्या. औषधाच्या नावाशेवटी 'सोन', 'सोल', 'लोन' असे काही दिसले, किंवा ट्यूबवर लाल उभी रेघ असली, तर ती चिठ्ठीशिवाय तोंडाला लावायची वस्तू नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवा.

मग करावे काय?

रोसेशिया मुळातून जात नाही, पण ताब्यात राहतो. रक्तदाबासारखेच आहे हे. नियम पाळले तर माणूस चारचौघांत सुखाने वावरतो.

१. ऊन टाळा. सकाळी दहा ते दुपारी चार हा वेळ सर्वांत वाईट. कांदा काढणी, ऊसतोडणी थांबवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कामाची वेळ थोडी मागेपुढे करता येते. रुंद काठाची टोपी, सुती पंचा किंवा स्कार्फ बांधा. परवडत असेल तर ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावा, आणि उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन सहसा झोंबत नाही. आमचे शनिमहाराज उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस झेलत उभे आहेत. ते देव आहेत. आपल्या कातडीने ती बरोबरी करू नये.

२. चेहरा दिवसातून दोनदा साध्या पाण्याने, सौम्य साबणाने धुवा. घासू नका, टिपून घ्या. वाफ घेणे, ब्लीच, फेशियल, लिंबू, तुरटी, टूथपेस्ट हे सर्व बंद. धुतल्यावर वास नसलेले साधे मॉइश्चरायझर लावा. कोरडी कातडी जास्त भगभगते.

३. एक वही ठेवा. कोणत्या दिवशी तोंड तापले, त्याआधी काय खाल्ले, कुठे गेलो, कोणाशी भांडलो, हे लिहा. महिनाभरात तुमचे भडकवणारे कारण तुम्हालाच सापडेल. सगळ्यांना सगळे वर्ज्य नसते. चहाचे म्हणाल तर तो सोडायची गरज नाही, निवू द्यायचा. १९८१ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात गरम कॉफीने चेहरा लाल झाला, तितक्याच गरम साध्या पाण्यानेही झाला, पण गार कॉफीने झाला नाही. म्हणजे दोष उष्णतेचा.

४. औषधे आहेत, आणि चांगली आहेत. मेट्रोनिडाझोल, ॲझेलेइक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिन यांचे मलम, आणि पुटकुळ्या जास्त असतील तर काही आठवडे डॉक्सीसायक्लिन. गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत डॉक्टर बदलू नका. डॉक्सीसायक्लिन गरोदर स्त्रियांना चालत नाही. आयसोट्रेटिनोइन नावाच्या गोळीने तर गर्भात गंभीर व्यंग येते. म्हणून ही औषधे डॉक्टरनेच ठरवायची. फुगलेल्या रक्तवाहिन्यांवर लेझर आणि जाड झालेल्या नाकावर शस्त्रक्रिया, असे उपायही आहेत. नाक कापावे लागत नाही, वरचा जाड थर तासून काढतात.

५. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चेहरा तापतो. तसे वाटले तर डॉक्टरना विचारून गोळी बदलून घ्या. मनाने बंद करू नका.

६. आधीच महिनोन्महिने स्टेरॉइड लावत असाल तर हे वाचून आज रात्री ट्यूब फेकून देऊ नका. एकदम बंद केले तर आठ-दहा दिवसांत चेहरा पेटल्यासारखा होतो, आणि माणूस घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. डॉक्टर हळूहळू ताकद कमी करत नेतात आणि मधल्या काळासाठी दुसरे औषध देतात. काही आठवडे त्रास होणार, याची तयारी ठेवा. घरच्यांनीही ठेवावी. त्या काळात आरसा दाखवण्यापेक्षा धीर देणारा माणूस जास्त उपयोगी पडतो.

दाखल्याचे काय झाले?

आमच्या माउलींना मी त्वचारोगतज्ज्ञाकडे नगरला पाठवले. (२०२४ पासून शहराचे नाव अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे.) उपचार दोघांनी मिळून केले. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. एकदा तर ते रात्री साडेनऊला आले आणि म्हणाले, "एकच दिवस ती ट्यूब लावू द्या, नाहीतर मी उद्या बाहेर पडणार नाही." त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्याच म्हणाल्या, "नका पडू बाहेर. मी आहे ना रानात." त्या एका वाक्याने माझ्या औषधापेक्षा जास्त काम केले.

चार महिन्यांनी चेहरा बराच निवळला. नाक अजून थोडे जाड आहे, उन्हात गेले की गाल तापतात. त्यांनी आता चहा निवून प्यायची सवय लावून घेतली आहे. मुलीची बोलणी दुसरीकडे सुरू आहेत.

तो दाखला मात्र मी त्यांना दिला नाही. चेहऱ्यावरून माणूस पितो हे जसे सांगता येत नाही, तसे पीत नाही हेही सांगता येत नाही. मग शिक्का कशावर मारायचा? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याने कधी दारूला हात लावला नाही त्याने गावापुढे दाखला का ठेवायचा? दाखला द्यायचाच असेल तर तो आपण सगळ्यांनी द्यायला हवा. एखाद्याचे नाक लाल दिसले तर "घेता का?" असे कोणा तिसऱ्याला विचारू नका. "काही त्रास होतो का?" असे त्यालाच विचारा. आणि तो ट्यूब काढून दाखवू लागला तर त्याला डॉक्टरकडे घेऊन चला.